फ्री डिलिव्हरीचे पैसे नक्की गेले कुठे?

या महिन्यात मेलबॉक्स उघडला तर निम्मी पत्रं पार्सलवरच. कुणाला दारात पैसे मागितले, कुणाला पार्सल मिळाल्यावर तीन आठवड्यांनी बिल आलं, कुणाच्या हलक्याफुलक्या खोक्याचं वजन कुरिअरवाल्यांनी सात-आठ पट लावलं. मी स्वतः काही वर्षं एक्स्पोर्टच्या कागदपत्रांच्या टेबलावर काढलीयेत त्यामुळे हा विषय निघाला की माझे हात शिवशिवतात, तेव्हा इतर विषयांची पत्रं पुढच्या अंकात घेऊ, रागावू नका.

प्रश्न : ताई नमस्कार. आधीच सांगतो पत्र लांब आहे आणि रागात लिहिलंय. माझ्याकडे वडिलांचा जुना फिल्म कॅमेरा आहे, त्याचा फिल्म पुढे सरकवायच्या लिव्हरमधला एक बारका पार्ट तुटला, कुठे मिळेना म्हणून परदेशातल्या एका विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवला. वेबसाइटवर मोठ्ठ्या अक्षरात फ्री शिपिंग. पार्ट केवढा तर अंगठ्याच्या नखाएवढा. बारा दिवसांनी कुरिअरवाला दारात आला, पार्सल हातात पण देईना, म्हणे आधी एवढे एवढे पैसे भरा. आकडा ऐकून मला वाटलं दुसऱ्या कुणाचं पार्सल घेऊन आलाय. पार्टच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त! तो घाईत, लिफ्टचं दार पायाने अडवून उभा, मी पण ऑफिसच्या कॉलवर, भरून टाकले. नंतर डोकं शांत झाल्यावर विक्रेत्याला मेल केलं तर तो म्हणतो आम्ही एक पैसा घेतलेला नाही, कस्टम्सला विचारा. कस्टम्सचा फोन कुणी उचलत नाही. कुरिअरच्या कॉल सेंटरला चाळीस मिनिटं म्युझिक ऐकलं, मग एक बाई गोड आवाजात म्हणाल्या सर हे गव्हर्नमेंट चार्जेस आहेत. पावती मागितली तर त्यात एकच ओळ, ड्यूटी अँड अदर्स. अदर्स म्हणजे काय हो? आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना असं झालंय. आणि मला सगळ्यात जास्त काय खटकलं माहितीये का, मागे याच माणसाकडून एक लेन्स कॅप मागवली होती तेव्हा काहीच लागलं नव्हतं. माझी फसवणूक झालीये का? पैसे परत मिळतील का? आणि पुढच्या वेळी पार्सल घ्यायला सरळ नाही म्हटलं तर काय होईल?

उत्तर : दादा, तुमचा राग बरोबर आहे पण तो एका आकड्यावर आहे आणि खरी गोम तिथेच आहे, कारण तो एक आकडा नाहीये. दोन-तीन वेगळ्या खिशांत जाणारे पैसे एकत्र करून तुमच्या हातात एक ओळ दिली, म्हणून तुम्हाला भांडायला माणूसच सापडत नाही. विक्रेत्याला विचारलं तर तो खरंच सांगतोय की मी घेतले नाहीत. कॉल सेंटरच्या बाई सांगतायत ते मात्र अर्धंच खरं आहे. तेव्हा पहिलं काम काय तर त्या ‘अदर्स’ची चिरफाड.

फ्री शिपिंग म्हणजे फक्त वाहतुकीचं भाडं वेगळं लावलेलं नाही एवढंच. (ते भाडं किमतीत आधीच मुरलेलं असतं हे तुम्हाला मी सांगायला नको.) सीमेवर लागणारा टॅक्स हा त्यात येत नाही, तसं वेबसाइटने स्पष्ट लिहिलेलं असेल तरच येतो. धंद्याच्या भाषेत याला दोन शब्द आहेत. डीडीपी म्हणजे ड्यूटी विक्रेत्याने भरून माल दारात द्यायचा, आणि डीएपी म्हणजे माल दारापर्यंत आणायचा पण ड्यूटी घेणाऱ्याने भरायची. हे शब्द इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या इनकोटर्म्समधले, म्हणजे माल पाठवताना कुठला खर्च कुणी करायचा ते ठरवणाऱ्या नियमांमधले, हे नियम पहिल्यांदा १९३६ साली आले आणि सध्याची आवृत्ती २०२० ची आहे. जुने लोक डीएपीला अजून डीडीयू म्हणतात, तो शब्द २०१० च्या आवृत्तीतच काढला पण वेबसाइटांवर अजून फिरतोय. तुमच्या विक्रेत्याच्या शिपिंग पॉलिसीच्या पानावर खाली कुठेतरी बारीक अक्षरात डीएपी किंवा डीडीयू किंवा ‘इम्पोर्ट चार्जेस खरेदीदाराकडे’ असलं काहीतरी असणार, मी पैज लावायला तयार आहे. मोठ्या अक्षरात फ्री आणि बारीक अक्षरात हे, ही बदमाशी आहेच, पण कागदावर त्याने सांगितलेलं असतं.

आता टॅक्सचा तुकडा. जगात फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक एचएस कोड असतो, वर्ल्ड कस्टम्स ऑर्गनायझेशनची ही पद्धत १९८८ पासून चालू आहे, पहिले ६ अंक सगळ्या देशांना सारखे आणि पुढचे अंक ज्याचे त्याचे. या कोडवर ठरतं की ड्यूटी किती टक्के. कॅमेऱ्याचा पार्ट आणि नुसता धातूचा स्क्रू यांचे कोड वेगळे, टक्केवारी पण वेगळी असू शकते. मग टक्के कशावर, तर बऱ्याच देशांत वस्तूची किंमत अधिक भाडं अधिक विमा अशी बेरीज धरतात, अमेरिकेसारखे काही देश नुसती वस्तूची किंमत धरतात. त्यानंतर बहुतेक ठिकाणी या सगळ्या बेरजेवर, म्हणजे ड्यूटी धरून, देशातला विक्रीकर किंवा व्हॅट. करावर कर. हा तुकडा सरकारचा, त्यात कुरिअरवाल्याला काही मिळत नाही आणि त्याच्याशी भांडून कमी पण होत नाही.

दुसरा तुकडा मात्र कुरिअरचा स्वतःचा, आणि लहान वस्तूला मारतो तो हाच. होतं काय की पार्सल सीमेवर अडकू नये म्हणून कुरिअर कंपनी तुमच्या वतीने टॅक्स आधी भरून टाकते, आणि मग तुमच्याकडून टॅक्स वसूल करताना ‘आम्ही तुमच्यासाठी पैसे भरले’ याची फी लावते. नावं पण काय एकेक, ॲडव्हान्समेंट फी, डिस्बर्समेंट फी, क्लिअरन्स फी, हँडलिंग. तिचा हिशोब साधारण असा असतो की भरलेल्या टॅक्सचे काही टक्के किंवा एक ठरलेली किमान रक्कम, यातलं जे जास्त ते. मोठी मशीन मागवणाऱ्याला ती किमान रक्कम जाणवत पण नाही. नखाएवढा पार्ट मागवणाऱ्याला मात्र टॅक्स राहतो लहान आणि फी होते मोठी, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. कॉल सेंटरच्या बाईंनी ही फी पण ‘गव्हर्नमेंट चार्जेस’मध्ये बसवली, ते चुकीचं आहे, आणि हे त्यांना लेखी विचारलंत की सूर बदलतो. साध्या पोस्टाने आलेल्या पार्सलला पण अशी फी बऱ्याच देशांत असते पण ती बहुतेक वेळा एक्स्प्रेस कुरिअरपेक्षा कमी असते, पोस्ट हळू येतं हा त्याचा तोटा. घाई नसेल तर पोस्टाचा पर्याय निवडा, लिव्हर तुटलेला कॅमेरा आणखी दोन आठवडे कपाटात राहिला तर काही बिघडत नाही.

लेन्स कॅपच्या वेळी का लागलं नाही? एक तर बऱ्याच देशांत एका ठराविक किमतीच्या खालच्या पार्सलला टॅक्समधून सूट असते, तुमची कॅप त्या रेषेखाली गेली असेल आणि पार्ट वर. दुसरं, ही रेषाच गेल्या काही वर्षांत जगभर खाली आलीये किंवा पुसलीच गेलीये. युरोपियन युनियनमध्ये २२ युरोपर्यंतच्या आयात पार्सलला व्हॅट माफ होता, तो १ जुलै २०२१ पासून बंद केला. अमेरिकेत २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल ड्यूटी न भरता आत यायचं, ते २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबलं. त्यामुळे ‘आधी कधीच लागले नव्हते’ हे वाक्य मला आजकाल रोज ऐकू येतं आणि ते बोलणारा माणूस खरं बोलत असतो, नियम त्याच्या नकळत बदललेला असतो. आणि तिसरं कारण, नुसतं नशीब. लहान पार्सलं लाखोंनी येतात, काही तपासणीत सापडतात काही निसटतात, निसटलेलं पार्सल म्हणजे नियम नाही.

मग आता करायचं काय. फोन करू नका, मेल करा, त्यात ट्रॅकिंग नंबर टाका आणि फक्त एकच गोष्ट मागा : टॅक्स किती, तुमची फी किती आणि बाकी काय, याचं वेगवेगळं विवरण, आणि सोबत कस्टम्सकडे भरलेल्या एंट्रीची, म्हणजे पार्सलमध्ये काय आणि किती किमतीचं आहे हे सांगणाऱ्या कागदाची, प्रत. राग त्या मेलमध्ये लिहू नका, राग लिहिला की त्याचं उत्तर ‘असुविधेबद्दल क्षमस्व’ एवढंच येतं. एंट्रीची प्रत आली की त्यात आधी किंमत आणि तिच्यापुढचं चलन बघा, कारण इनव्हॉइसवर एका चलनात असलेला आकडा टाइप करणाऱ्याने दुसऱ्याच चलनात टाकणं ही चूक माझ्या टेबलावर मी स्वतः कितीदा तरी पकडलीये. मग एचएस कोड बघा, कॅमेऱ्याचा पार्ट कॅमेऱ्याचाच पार्ट म्हणून लागलाय की भलत्याच रकान्यात. आणि मग वेबसाइटची तुमची मूळ पावती काढून बघा, त्यात टॅक्स म्हणून ओळ आहे का, कारण काही देशांत आता विक्रेताच टॅक्स चेकआउटला कापून घेतो. युरोपात यासाठी आयओएसएस नावाची व्यवस्था आहे, १५० युरोपर्यंतच्या मालाला. त्यात विक्रेत्याला एक नंबर मिळतो, तो विक्रेत्याने किंवा कुरिअरने पार्सलच्या माहितीत पुढे पाठवलाच नाही तर सीमेवर तोच टॅक्स पुन्हा मागितला जातो आणि ग्राहक दोनदा भरतो. असं झालं असेल तर मात्र विक्रेत्याची मान धरा, त्याने घेतलेला टॅक्स त्यानेच परत द्यायचा.

चलन किंवा कोड चुकला असेल तर टॅक्सच्या तुकड्यासाठी दुरुस्तीचा अर्ज कस्टम्सकडे जातो, बहुतेक वेळा कुरिअरमार्फतच, आणि त्याला मुदत असते त्यामुळे वेळ घालवू नका. फीच्या तुकड्यासाठी भांडण थेट कुरिअरशी, आणि तिथे प्रश्न एकच, ही फी तुमच्या दरपत्रकात कुठे लिहिलीये ते दाखवा. दाखवली तर गप्प बसावं लागतं. पैसे मागायच्या आधी काही कळवलं होतं का, मेसेज आला होता का, हे पण विचारा.

फसवणूक म्हणाल तर ते वेबसाइट कशी होती त्यावर आहे. शेवटच्या बटणाआधी तुम्हाला कुठेच कळणार नाही अशा पद्धतीने खर्च लपवला असेल तर कायदा बऱ्याच ठिकाणी तुमच्या बाजूचा आहे. युरोपियन युनियनच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशात तर साफ लिहिलंय की जादा डिलिव्हरी खर्च ऑर्डरच्या आधी सांगितला नसेल तर तो ग्राहकाने द्यायचा नाही. किमतीचे थेंब थेंब करून शेवटी खरा आकडा दाखवायच्या या युक्तीला ड्रिप प्रायसिंग म्हणतात. म्हणून यापुढे परदेशी वेबसाइटवर पैसे भरायच्या आधी चेकआउटच्या शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवायचाच, नंतर ते पान बदललेलं असतं.

आणि पार्सल नाकारलं तर? पैसे दिले नाहीत तर कुरिअर पार्सल देत नाही, काही दिवस गोडाऊनला ठेवतं, मग पाठवणाऱ्याकडे परत नाहीतर नष्ट. कुरिअरचा मूळ करार पाठवणाऱ्याशी असतो त्यामुळे परतीचा खर्च सहसा आधी त्याच्या गळ्यात पडतो, पण तो काय हसत हसत भरतो थोडाच, तुमच्या रिफंडमधून कापायचा प्रयत्न करतो. किमती वस्तू असेल, आणि विक्रेत्याने डीडीपी म्हणून विकलं पण ड्यूटी भरलीच नसेल, तर नाकारणं हे चांगलं हत्यार आहे. मिळायला अवघड अशा पार्टसाठी मी तरी नाकारणार नाही, पैसे भरून पावती घेऊन मग भांडेन. एक मात्र लक्षात ठेवा, गोडाऊनमध्ये ठेवल्याच्या भाड्याचं मीटर विचार करत बसलात तरी चालूच असतं.

प्रश्न : ताई मी लोकरीची खेळणी विणते, क्रोशाचे ससे, हत्ती वगैरे, आणि ऑर्डरप्रमाणे पाठवते. परवा एका खोक्यात दोन हत्ती पाठवले, घरच्या काट्यावर खोकं ८०० ग्रॅम, मी तीनदा मोजलं. कुरिअरच्या बिलात वजन ६ किलो!! मी म्हटलं अहो हत्ती लोकरीचे आहेत खरे नाहीत. तो माणूस म्हणतो सिस्टीमने काढलंय. गिऱ्हाइकाकडून मी १ किलोचे पैसे घेतलेले, आता वरचे कोण देणार? यांचा काटा खराब आहे का हे लोक सरळ लुटतायत?

उत्तर : काटा चांगला आहे गं. काट्यावर त्याने ८०० ग्रॅमच बघितलं असणार. पण तुला बिल काट्याचं लावलेलंच नाही, टेपचं लावलंय. याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात, खोक्याची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००, जे येईल ते किलो. तुझ्या खोक्याची मापं तू पत्रात खाली लिहिलीयेस म्हणून बरं झालं, ४० बाय ३० बाय २५. गुणाकार ३०,०००, भागिले ५०००, बरोबर ६. खरं वजन आणि हे वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे. लुटतायत असं वाटतं, पण त्यांच्या बाजूने बघितलं तर विमानाचं पोट आधी भरतं ते जागेने, वजनाने नाही, तुझ्या दोन हत्तींनी जेवढी जागा खाल्ली तेवढ्यात पुस्तकांचं कितीतरी जड पार्सल बसलं असतं. ही गोष्ट आता फक्त विमानापुरती पण राहिली नाही, अमेरिकेत फेडेक्स आणि यूपीएस या दोघांनी २०१५ सुरू होताना रस्त्याने जाणाऱ्या लहान पार्सलांना पण हाच नियम लावला, त्याआधी तिथे मोठ्या आकाराच्या खोक्यांनाच तो होता.

मला राग याचा येतो की काउंटरवर हे कुणी सांगत नाही. वजन करतात, स्टिकर लावतात, पावती देतात, आणि पुढे हबमध्ये पट्ट्यावरून जाताना लेझरवाली मशीन खोकं मोजते आणि बिल वाढतं. ती मशीन फुगलेला कडा पण मोजते, म्हणजे खोकं जरा जास्त ठासून भरलं आणि बाजू पोटासारखी बाहेर आली तर २५ चे २७ होतात. वर पूर्णांक करताना अर्धा किलो किंवा एक किलो वरच्या बाजूला ओढतात ते वेगळंच.

तुझ्या धंद्यात यावर उपाय मात्र सोपा आहे कारण लोकर दबते. हत्ती हवाबंद पिशवीत घालून हवा काढ, सोंड आत दुमड, आणि खोकं ३५ बाय २५ बाय २० चं घे. हिशोब कर, १७,५०० भागिले ५०००, साडेतीन किलो. एकेका बाजूचे फक्त पाच सेंटीमीटर कमी केले आणि बिलातलं वजन अडीच किलोने उतरलं. खोकंच नको असेल तर जाड कुरिअर बॅग, ती आणखी चपटी होते, नाजूक माल नाहीये तुझा. भागायचा आकडा सगळीकडे ५००० नसतो, काहींचा ६००० असतो, विमानाच्या कार्गोमध्ये तोच चालतो, आणि ६००० असेल तर तुझं आधीचंच खोकं पण ५ किलोत गेलं असतं. म्हणून बुकिंगच्या आधी पहिला प्रश्न हाच विचारायचा, तुमचा डिव्हायझर किती. हा शब्द वापरलास की समोरचा जरा सरळ बसतो.

वरचे पैसे कोण देणार हे विचारलंस. या वेळचे तूच, वाईट वाटतं पण गिऱ्हाइकाला पार्सल पोचल्यावर जादा मागणं म्हणजे वरच्या पत्रातल्या दादांना जे झालं तेच तिला करणं. फक्त बिलातली मापं तुझ्या मापांशी जुळतात का ते बघ, जुळत नसतील तर मशीनने काढलेला फोटो माग, बऱ्याच कंपन्यांकडे तो असतो. पुढच्या वेळेपासून खोकं देण्याआधी त्याला मापाची टेप लावून एक फोटो स्वतः काढत जा.

प्रश्न : मावशीने परदेशातून वाढदिवसाला गिफ्ट पाठवलं, खोक्यावर गिफ्ट असं लिहिलं पण होतं, तरी मला पैसे भरावे लागले. भेटवस्तूवर कसला टॅक्स? मावशीला सांगितलं तर तिलाच वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. पुढच्या वेळी तिला किंमत कमी लिहायला सांगू का?

उत्तर : नको सांगू, आधी तेच सांगते. गिफ्ट हा शब्द काही जादूचा नाही. बऱ्याच देशांत एका माणसाने दुसऱ्या माणसाला पाठवलेल्या भेटीला सूट आहे पण ती एका किमतीपर्यंत, त्याच्या वर गेलं की टॅक्स लागतोच. आणि मावशीने दुकानातून थेट तुझ्या पत्त्यावर पाठवलं असेल, हल्ली तसंच करतात ना, तर पाठवणारं दुकान झालं, मग ती भेट नाही ती खरेदी.

पोस्टाने पाठवताना खोक्यावर एक फॉर्म चिकटवतात, लहान असेल तर सीएन २२ आणि जास्त किमतीचं असेल तर सीएन २३, जगभर हेच फॉर्म आहेत कारण ते युनिव्हर्सल पोस्टल युनियनने ठरवलेत, ही १८७४ मधली संस्था, मुख्यालय बर्नला. त्या फॉर्मवर काय आहे, किती नग, वजन, किंमत हे सगळं असतं, आणि २०२१ पासून ही माहिती पार्सल पोचायच्या आधी कॉम्प्युटरवरून पण पुढे पाठवायची आहे. त्यात खोटी किंमत लिहिणं म्हणजे मावशीच्या सहीने खोटं लिहिणं. सापडलं तर दंड नाहीतर जप्ती, आणि नाही सापडलं पण पार्सल हरवलं तर विमा लिहिलेल्या किमतीचाच मिळणार. मावशीला एवढंच सांग की माहिती नीट मराठीत बोलल्यासारखी तपशिलात लिही, नुसतं ‘गिफ्ट’ किंवा ‘सामान’ असं लिहिलेलं पार्सल तपासणाऱ्याला उघडावंसं वाटतंच. ‘सुती शाल, वापरण्यासाठी, नग १’ असं लिहिलं की बरं पडतं. अर्थात भाषा तिकडच्या पोस्टाला कळेल ती.

आणि तिला सांगितलंस तर तिला वाईट वाटेल हे मला काही पटत नाही. नाही सांगितलंस तर ती दरवर्षी तसंच पाठवेल.

प्रश्न : मला मेसेज आलाय की पत्ता अपूर्ण असल्याने पार्सल थांबलंय आणि पुन्हा डिलिव्हरीसाठी अगदी किरकोळ रक्कम लिंकवर भरा. मेसेजमध्ये ट्रॅकिंग नंबर वगैरे काही नाही. रक्कम इतकी कमी आहे की भरून टाकावी असं वाटतंय. भरू का?

उत्तर : नाही! रक्कम कमी ठेवलीये तीच त्यासाठी की तुम्ही विचार न करता कार्डचा नंबर टाकावा, त्यांना ती चिल्लर नकोय, कार्ड हवंय. खऱ्या कुरिअर कंपन्या पत्ता दुरुस्तीचे किंवा पुन्हा येण्याचे पैसे कधी कधी लावतात हे खरंय आणि म्हणूनच ही फसवणूक इतकी चालते. लिंकवर बोट न लावता, ज्या विक्रेत्याकडून मागवलं त्याने दिलेला ट्रॅकिंग नंबर कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः टाइप करून बघा, थांबलं असेल तर तिथे दिसेल. पोस्टाचं आंतरराष्ट्रीय पार्सल असेल तर नंबर ओळखणं अजून सोपं, आधी दोन अक्षरं, मग ९ अंक, शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं, एकूण १३. मेसेजमध्ये नंबरच नाहीये म्हणताय तुम्ही. मग कसलं पार्सल. तुम्ही काही मागवलं होतं का हे पण पत्रात लिहिलेलं नाही!

जाता जाता

कॅमेऱ्यावाल्या दादांना मी उत्तर आधीच मेलने पाठवलं होतं, म्हटलं अंक निघेपर्यंत मुदत जायला नको. पान लावायच्या वेळेस त्यांचं परत पत्र आलं, विवरण मिळालं म्हणे, दोन स्मरणपत्रं पाठवल्यावर नवव्या दिवशी. त्यांनी भरलेल्या प्रत्येक १०० मधले ४१ टॅक्सचे, ४४ कुरिअरच्या क्लिअरन्स फीचे आणि १५ गोडाऊनमध्ये ठेवल्याचे. कोड बरोबर होता, चलन बरोबर होतं. पण गोडाऊनमध्ये पार्सल पडून होतं ते तीन दिवस यांना एकही फोन किंवा मेसेज आलेला नव्हता, ते त्यांनी लेखी विचारलं आणि ते १५ परत मिळाले. फी दरपत्रकात आहे म्हणाले, ती राहिली. दादांनी खाली लिहिलंय, ‘ताई पार्ट बसला, लिव्हर चालतोय, पण आता फिल्म परदेशातूनच मागवावी लागतेय, तर पोस्टाने किती दिवस लागतात?’

लागतील तीन-चार आठवडे. आणि एका रोलऐवजी पाच एकदम मागवा, प्रत्येक पार्सलला किमान फी नव्याने बसते. फक्त पाचांची बेरीज टॅक्समाफीच्या रेषेच्या वर जाणार असेल तर उलटं करा, तीन आणि दोन. ही रेषा तुमच्याकडे सध्या किती आहे ते ऑर्डरच्या दिवशी कस्टम्सच्या वेबसाइटवर बघून घ्या, माझ्या उत्तरावर जाऊ नका.